नियोजित मास्तर

तेजराव मास्तरांनी गावाबाहेर घर बांधायला काढलं तेव्हा मेहकरातल्या जाणत्या माणसांनी दोन शक्यता वर्तवल्या. एक म्हणजे मास्तरांचं भावाशी फाटलं असावं, आणि दुसरी म्हणजे डोक्यावर परिणाम झाला असावा. मास्तरांना भाऊ नव्हता. त्यामुळे गावाचं मत फार लवकर पक्कं झालं.

गावाबाहेर म्हणजे जानेफळच्या रस्त्याला. आता तिथं पिठाची चक्की आहे, दवाखाना आहे, संध्याकाळी भाजीवाल्यांची ओळ बसते आणि स्कूटर लावायला जागा मिळत नाही. तेव्हा ते ज्वारीचं वावर होतं. मालकानं त्याचे प्लॉट पाडले होते, म्हणजे चुना फासलेले दगड रोवले होते आणि बांधावर उभं राहून 'इथून तिथवर कॉलनी' असा हात फिरवला होता. मास्तरांना तेवढा हात पुरला. त्यांनी रस्त्याकडचा पहिला प्लॉट घेतला, आणि पुढे बराच काळ तोच शेवटचाही राहिला.

मास्तर आमच्या हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत, मी गणित. वयानं ते माझ्याहून बरेच मोठे, पण स्टाफरूममध्ये खुर्च्या शेजारी, म्हणून त्यांच्या सगळ्या योजना आधी माझ्या कानावर आदळत. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "काय गणित, चहा घेता का?" असं म्हणत. उंच, सडपातळ माणूस, अंगात काळा कोट, आणि त्या कोटावर इतके रंग सांडलेले की मूळचा काळा रंग शोधून काढावा लागे. समोर काहीही आलं की एक डोळा मिटायचा, हात लांब करून अंगठा धरायचा आणि माप घ्यायचं, ही त्यांची सवय. झाड असो, देऊळ असो की हेडमास्तर. तुम्ही घरातलं दुखणंखुपणं सांगत असावं आणि मध्येच मास्तरांनी तुमच्या नाकासमोर अंगठा धरावा. हेडमास्तरांनी ते एकदा मनावर घेतलं होतं.

दुसरी सवय अशी की मास्तर कधी चुकत नसत. म्हणजे चुकत तर ते रोजच, पण चूक उघडी पडली की ती आधीपासून ठरवलेलीच होती असं इतक्या शांतपणे सांगत की समोरचाच ओशाळा व्हावा. फळ्यावर काढलेला घोडा गाढवासारखा दिसला की खाली 'गाढव' लिहून मोकळे होत, आणि वर पोरांनाच ऐकवत, "घोडा तर कोनीबी काढते."

त्यांचं घरही याच पद्धतीनं उभं राहिलं. यथार्थदर्शन हा मास्तरांचा लाडका विषय. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान दिसतं, हे सांगताना त्यांना तास संपल्याची घंटा ऐकू येत नसे. घराचा नकाशा म्हणून त्यांनी यथार्थदर्शनातलं एक सुरेख चित्रच काढलं. कोपऱ्यातून दिसणारं घर, अंगणात तुळस, मागे डोंगर, आकाशात बगळ्यांची रांग. हे चित्र त्यांनी चांदभाई गवंड्याच्या हातात दिलं, समोरच्या भिंतीचं माप सांगितलं, "बाकी सगळं चित्रापरमानं" म्हणाले आणि ड्रॉइंगच्या परीक्षांच्या कामासाठी बुलडाण्याला निघून गेले.

चांदभाई शब्दाला पक्का माणूस. त्यानं चित्रावर दोरी लावली. चित्रात पुढची भिंत उंच होती आणि मागची बुटकी. पुढची खिडकी मोठी, मागची एवढीशी. त्याला वाटलं, ही मुंबईकडची नवी फॅशन असेल. महाराष्ट्र नुकताच झाला होता, आमचा वऱ्हाड नागपूरकडून मुंबईकडे वळला होता, जिल्हा परिषद नवी, सगळंच नवं, तर घरानंच काय घोडं मारलं? मास्तर परत आले तोवर छपरावर पत्रेसुद्धा चढले होते. घर रस्त्यावरून देखणं दिसत होतं, आणि आत शिरलं की मागे मागे बारीक होत जात होतं. बैठक ऐसपैस, मधली खोली बरी, आणि शेवटी स्वयंपाकघर असं की उंच माणसानं ताठ उभं राहून फोडणी घालायची म्हटली तर डोकं पत्र्याला लागावं.

"बस बगुले बाकी हैं, मास्टर," चांदभाई अभिमानानं म्हणाला.

मास्तर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. एक डोळा मिटला, अंगठा धरला. मग म्हणाले, "बरोबर हाय. असंच पाह्यजे होतं."

त्यानंतर कोणी त्या स्वयंपाकघराबद्दल विचारलं की मास्तर म्हणत, "अन्नपूर्णेपुढं मानसानं वाकूनच जावं." त्यांच्या पत्नी सुभद्रावहिनी ठेंगण्या, त्या तिथं ताठ उभ्या राहत, आणि मास्तर दारातून कमरेत वाकून चहा मागत. संसारात खरा कारभार कोणाचा चालतो, हे इतकं उघडपणे दाखवणारं दुसरं घर मी पाहिलं नाही.

वहिनींना मात्र घर पसंत नव्हतं. भिंतींबद्दल त्यांची तक्रार नव्हती, तक्रार होती भिंतीपलीकडच्या मोकळ्या वावराबद्दल. त्यांचा सगळा संसार कुंभार गल्लीतल्या दोन खोल्यांत झालेला. तिथं गल्ली इतकी अरुंद की या खिडकीतून दिलेली वाटी त्या खिडकीत पोचायची. फोडणीच्या वासावरून कोणाकडे पाहुणे आलेत ते वहिनी सांगत, आणि पाहुणे कोण ते भांड्यांच्या आवाजावरून. नव्या घरात आल्यावर पहिल्या सकाळी त्यांनी सवयीनं खिडकीतून हाक मारली, "अवं कमळे, काय केलं वं आज?" समोरून एका म्हशीनं वर पाहिलं.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी वहिनींनी निर्वाणीचं सांगितलं.

"ऐका," त्या म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत मी वाट पाह्यतो. दिवाळीले फराळाचं ताट झाकून कोनाच्या घरी नेऊ? त्या बाभळीच्या? शेजार आला तर ठीक. नाही आला तर लक्ष्मीपूजन मी कुंभार गल्लीतल्या खोल्याईत करीन. तुम्ही राहा तुमच्या बगळ्याईसंग."

जुन्या खोल्या अजून रिकाम्याच होत्या आणि घरमालकीण वहिनींची मैत्रीण. म्हणजे धमकी पोकळ नव्हती. मास्तरांनी हे मला स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता. "सुभद्रा जाईन, गणित," ते म्हणाले. "ते बोलते तसंच करते."

पण मास्तरांचं दुःख फार वेळ दुःख म्हणून राहत नसे, त्याची लगेच योजना होई. ते दिवसच योजनांचे होते. पेपर उघडला की नियोजन, सभेला गेलं की नियोजन, जिथं मोकळी जागा दिसेल तिथं 'नियोजित अमुक' आणि 'नियोजित तमुक' अशा पाट्या. मास्तरांनी हिशेब मांडला: लोक राहायला येत नाहीत कारण सोयी नाहीत. तर मग सोयी आधी, माणसं मागून. त्यांनी तेलाचे रिकामे डबे कापून पत्रे सरळ केले, पांढरा रंग दिला आणि लाल, वळणदार अक्षरांत पाट्या रंगवल्या. महिन्याभरात त्या ज्वारीच्या वावरात नियोजित बसथांबा, नियोजित बालोद्यान, नियोजित दवाखाना, नियोजित भाजीबाजार आणि अगदी टोकाच्या बाभळीवर नियोजित वाचनालय, एवढी वस्ती झाली. पोरांनी लगोलग मास्तरांचं बारसं केलं. तेव्हापासून ते गावभर 'नियोजित मास्तर'. मास्तरांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "चला, जाहिरात तर झाली."

शेजारी म्हणून त्यांचा पहिला डोळा माझ्यावर होता. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि मी आणि माझी बायको शालिनी बाजारपेठेत एका भुसार दुकानाच्या माडीवर राहत होतो. खाली तुरीची पोती, वर आम्ही, आणि दोन्हींकडे सारख्याच हक्कानं फिरणारे उंदीर. श्रावणातल्या एका रविवारी मास्तर आम्हाला प्लॉट दाखवायला घेऊन गेले. "दोन मिनिटाचा रस्ता हाय," म्हणाले. रस्ता असेलही, पण त्यावर आमची काळी माती होती. पावलागणिक ती चपलेला चिकटत गेली, आम्ही वाढत गेलो, शालिनी जरा जास्तच, आणि मास्तरांच्या घरी पोचलो तेव्हा ती माझी बायको जन्मात पहिल्यांदा माझ्या खांद्याला लागली.

पोहे व्हायच्या आत मास्तरांनी आम्हाला सोयी दाखवायला काढलं. मागून वहिनी पदर खोचून येत होत्या, मास्तरांचं एकही वाक्य वाया जाऊ नये म्हणून.

"हे बालोद्यान," मास्तर म्हणाले.

तिथं एक बकरी चरत होती.

"बकरी कोनाची?" शालिनीनं विचारलं.

"उद्यानाची."

"रज्जाकभाईची हाय," वहिनी मागून म्हणाल्या. "रोज येते. मले बोलाले इथं थेच एक हाय."

"अन् हा दवाखाना."

"डॉक्टर कुठं आहे?" मी विचारलं.

"शिकून राह्यला अजून," मास्तर म्हणाले. "पोट्टा हुशार हाय. माह्याच वर्गात होता."

वाचनालयाच्या बाभळीला एक जुना पेपर टांगला होता. त्याचं अर्धं पान वाऱ्यानं नेलं होतं आणि उरलेलं बकरीनं. मास्तर म्हणाले, वाचकांचा प्रतिसाद चांगला आहे.

वहिनींनी शालिनीला स्वयंपाकघरात नेलं. शालिनी चिखलीची, बोलकी, आणि उंचीनं वहिनींएवढीच. त्या दोघी तिथं ताठ उभ्या राहून ज्या बोलायला लागल्या त्या दिवस कलला तरी थांबेनात. आम्ही दोघे पुरुष अधूनमधून दारात वाकून पाहत होतो आणि तसेच मागे सरत होतो. निघताना वहिनींनी तिचा हात धरला तो सोडेचनात. "येत जाय वं माय," म्हणाल्या. "इथं मी माह्याच आवाजाले दचकतो."

परतीच्या वाटेवर शालिनी सारखी मागे वळून पाहत होती. मी म्हणालो, "प्लॉट घ्यायचा नाही."

"मी काही म्हटलं का?"

"म्हणशील."

मी गणिताचा माणूस. शाळा इतकी लांब, चिखल इतका, विंचूकाटा वेगळा. मी बेरीज केली होती आणि उत्तर पक्कं होतं. तिनं माझी बेरीज ऐकून घेतली आणि चपलेची माती काडीनं काढत बसली.

पाट्यांपैकी पहिली खरी झाली ती बसथांब्याची. जानेफळची एसटी रोज समोरून जाई, पण थांबत नसे. मास्तर पाटीखाली उभे राहून हात करत आणि ड्रायव्हर त्यांना हात करून पुढे निघून जाई. एका सकाळी मास्तरांनी पाटी उपटली, दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ड्रायव्हरला वाटलं, पुढचा पूल गेला. त्यानं करकचून ब्रेक लावला. सगळी बस खाली उतरली. कोणी म्हणालं पूल गेला, कोणी म्हणालं मास्तर गेला. एक म्हातारबा तर जानेफळ आलं समजून गाठोडं घेऊन वावरातून चालायलाही लागले, त्यांना ओढून आणावं लागलं. ड्रायव्हर मास्तरांच्या अंगावर धावून गेला, तेवढ्यात वहिनींनी त्याच्यापुढे आलूच्या भज्यांची ताटली धरली.

भजी खाऊन ड्रायव्हर म्हणाला, "उद्या कांद्याची कराल काय?"

दुसऱ्या दिवसापासून बस आपोआप थांबायला लागली. मास्तरांनी पाटीवरचा 'नियोजित' हा शब्द नारळ फोडून पुसला. वहिनींना बायकांशी बोलायला मिळायला लागलं. बस उभी असेतो त्या खिडकीखाली उभ्या राहत आणि जानेफळच्या बातम्या घेत. तिथली एक आत्याबाई आपल्या सुनेची तक्रार रोज थोडी थोडी सांगे. आम्हाला वाटलं, झालं, वहिनी रमल्या. पण शालिनी पुन्हा भेटायला गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "बसमधल्या बाया म्हंजे काही शेजारी नसतात वं. गोष्ट रंगात येते अन् कंडक्टर घंटी मारते. मंग वावर अन् मी."

दसऱ्याच्या सुमाराला जीपमधून एक मोठे साहेब त्या रस्त्यानं चालले होते. पाट्या पाहून त्यांनी जीप थांबवली. सोबत ओव्हरसिअर होता, कारकून होता. साहेबांनी विचारलं, "ही योजना कोणत्या खात्याची?" ओव्हरसिअरनं कारकुनाकडे पाहिलं, कारकुनानं आभाळाकडे. माहीत नाही म्हणायची कोणाची छाती होईना. शेवटी कारकून म्हणाला, "वरून आली आहे, साहेब." आता आपल्यालाच ठाऊक नाही असं साहेब तरी कसं म्हणणार? "हां, ती होय!" ते म्हणाले आणि उतरून पाहणी करायला लागले. मी शाळेतून मास्तरांबरोबर आलो होतो म्हणून हा सोहळा मला डोळ्यांनी पाहता आला.

बालोद्यानात बकरी होती. साहेबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "पशुसंवर्धनही यातच घेतलंय वाटतं," ते म्हणाले. मग दवाखान्याच्या पाटीपुढे उभे राहून त्यांचा पारा चढला. "बांधकाम कुठाय? प्रगती मुळीच समाधानकारक नाही. दिवाळीच्या आत इथं काम दिसलं पाहिजे!"

"माह्या घरूनबी तोच हुकूम हाय, साहेब," मास्तर हात जोडून म्हणाले.

आणि खरंच, थोड्याच दिवसांत चार माणसं आली. त्यांनी बालोद्यानात झोक्यासाठी दोन खड्डे खणले, घरासमोर विजेचा खांब उभा करून त्यावर एक दिवा लावला आणि निघून गेली. झोका कधी आला नाही. दिवा मात्र लागला, आणि आजूबाजूला कोणी राहत नाही हे आता अंधार पडल्यावरही दिसायला लागलं.

बघता बघता दिवाळी आली. प्लॉट एकही विकला गेला नाही. वहिनींनी फराळ केला, तोही सवयीनं अख्ख्या कुंभार गल्लीला पुरेल एवढा, आणि ट्रंक भरायला घेतली. मास्तर शाळेच्या सुट्टीत कुठं फिरकले नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी दाढी करत होतो तर खालून भुसारवाले शेठ ओरडले, "वा गुरुजी! घर बांधून राह्यले अन् आमाले सांगतलंबी नाही?"

"कोण बांधतंय घर?"

"तुम्ही! जानेफळच्या रस्त्याले पाटी लागली ना तुमच्या नावाची!"

मी अर्ध्या दाढीनं सायकल काढली. शालिनी मागे कॅरिअरवर बसली, मी नको म्हणत असताना. वाटेत मी तीन-चार कडक वाक्यं तयार केली. घर नजरेत आलं तर दारात टांगा उभा, टांग्यात ट्रंक, वर गाठोड्यात बांधलेले देव, आणि टांग्याचा घोडा बालोद्यान खात होता. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर नवी पाटी होती, रंग अजून ओला. लाल, वळणदार अक्षरं: 'नियोजित शेजारी. श्री. पाठक सर (गणित) व सौ. शालिनीबाई.'

पाटीपुढे वहिनी उभ्या होत्या, एकेक अक्षर लावत वाचत. मागे मास्तर. कोटाला लाल रंग लागलेला, हात खाली.

"हे काय हाय?" वहिनींनी विचारलं.

"पाटी."

"ते दिसते मले. त्याईले इचारलं काय?"

"नाही."

"मंग?"

मला वाटलं, आता ते म्हणतील की असंच ठरलं होतं. ते म्हणाले, "सुभद्रा, मले वाटलं सोयी पाह्यजेत. बस थांबवली, दिवा आनला. काल तू देव बांधले तवा समजलं, तुले एकच सोय पाह्यजे होती, अन् थे पत्र्यावर रंगवून येत नाही. मी तुले इथं एकटी आनून टाकली. चुकलं माह्यं."

इतक्या वर्षांच्या शेजारच्या खुर्चीत मी हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. वाटेत तयार केलेली कडक वाक्यं मी विसरूनच गेलो. टांगेवाला उगाच घोड्याचा पट्टा ओढत होता.

तेवढ्यात शालिनी कॅरिअरवरून उतरली. सरळ त्या रिकाम्या प्लॉटमध्ये गेली, चुन्याच्या दगडांच्या मध्ये उभी राहिली, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, तुमची खिडकी इकडून येते ना? मंग माही चूल इथंच पाह्यजे. समोरासमोर."

"अवं पण तुह्या मालकाले तं इचार!"

"त्याईले काय इचाराचं? त्याईचं नाव लागलं ना पाटीवर."

वहिनी आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग तो पदरही सुटला आणि त्या तिथं बांधावर बसूनच हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसत टांगेवाल्याला म्हणाल्या, "अरे पाहून काय राह्यला, काढ माही ट्रंक खाली!" मग आत गेल्या, झाकलेलं ताट घेऊन आल्या आणि शालिनीच्या हातात दिलं. शालिनीनं आमच्या नसलेल्या घराच्या नसलेल्या उंबऱ्यात ते घेतलं. टांगेवाल्यालाही ताट मिळालं, आणि घोड्याला एक अनारसा. मी सायकल धरून, अर्ध्या दाढीनं, पाहत उभा होतो. माझं उत्तर चुकलं होतं आणि मला त्याचं काहीच वाईट वाटत नव्हतं, हे मला स्वतःलाच खरं वाटेना.

पुढल्या दिवाळीच्या आत आम्ही राहायला गेलो. घर चांदभाईनंच बांधलं. मी त्याला सरळ मापांचा नकाशा दिला तर तो उलटसुलट करून पाहत हिरमुसला. "इसमें तो कुछ हैच नहीं, सर," म्हणाला. आमच्या खिडकीतून त्यांच्या खिडकीत वाट्या जायला लागल्या आणि माझी आमटी मला बऱ्याचदा मास्तरांच्या ताटात दिसायला लागली. आमच्यामागून लोक आले. गावाबाहेर एक घर असलं की लोक त्याला वेडेपणा म्हणतात, दोन झाली की कॉलनी म्हणतात. एकेक पाटीवरचा 'नियोजित' पुसला गेला. तो हुशार पोट्टा डॉक्टर होऊन आला आणि त्यानं दवाखाना मास्तरांच्या पाटीच्याच जागी काढला. मास्तरांना तो तपासताना म्हणायचा, "श्वास घ्या," आणि मास्तर त्याच्या नाकासमोर अंगठा धरायचे.

मास्तरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेले ते झोपेतच, कोणाला हाक न मारता, त्यांच्या बैठकीच्या खोलीत. पण त्यांची आठवण निघाली की मला दिसतात ते त्याच्या दोनेक आठवडे आधीचे मास्तर.

त्यांचा मुलगा प्रभाकर, घर बांधलं तेव्हाही शिकायला बाहेरगावीच असलेला, आता नागपूरला नोकरीला होता. आईवडील थकले, आता त्यांनी आपल्याकडे राहावं, असा त्याचा आग्रह, आणि आग्रह मनापासूनचा. मास्तर तयार झाले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे गेले होते, तरी कॉलनीभर हिंडून ते नागपूरच्या घराचं वर्णन करत होते. "चौथा माळा हाय. नळ आतच. बटन दाबलं का पंखा, बटन दाबलं का दिवा. खिडकीतून अर्धं नागपूर दिसते." वहिनी जाईन म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत, मुकाट्यानं डबे भरत होत्या. शालिनी त्या दिवसांत सारखी काहीतरी सांडत होती.

ठरलेल्या दिवशी ट्रक आला. कॉलनीतल्या बायका ओट्यावर दाटीवाटीनं बसल्या होत्या. सगळं सामान चढलं. प्रभाकर आईला हात द्यायला आला, तर वहिनी ओट्यावर बायकांच्या मधोमध जाऊन बसल्या.

"तुम्ही जा बापा," त्या म्हणाल्या. "मी नाही येत."

"आई, तिथं सगळं हाय वं!"

"शेजारीन कोन हाय?"

प्रभाकर म्हणाला, "हायेत लोकं. पण दार लावलेलं राह्यते त्याईचं. आमीबी वळखत नाही."

"मंग तुह्या दाराशी मी कोनासंग भांडू?" वहिनी म्हणाल्या. "मले इथून हलवू नको रे राजा. मी खूप दिवस एकटीनं काढले, आता नाही काढत."

मास्तर ट्रकजवळून ओरडले, "ऐकलं काय! हट्टी बाई! सामान चढलं, ट्रकवाला बसला, अन् आता सांगते!" ते इतके तापले की ट्रकवालाही घाबरला. मग तसेच तणतणत, गुडघ्यांची पर्वा न करता, ट्रकच्या फाळक्यावर चढले आणि आपली खुर्ची खाली ओढायला लागले. मी धावत जाऊन दुसरी बाजू धरली. खुर्चीच्या आडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू.

"गणित," ते हळूच म्हणाले, "दोन महिन्यांपासून तिच्या नाहीची वाट पाहून राह्यलो होतो. आज बोलली नसती ना, तर मेलो होतो मी."

"मग तुम्हीच नाही म्हणायचं होतं, मास्तर."

"मी कसा म्हनू? पोराले हो म्हननारा मीच होतो ना!"

आणि एवढं सांगून ते पुन्हा मुलाकडे वळून मोठ्यानं ओरडले, "तुही मायच ऐकत नाही, त्याले मी काय करू?" आणि मदतीला आलेल्या हमालाला बाजूला सारून स्वतःच ट्रंक उतरवायला लागले.